विझत्या ताऱ्याचे चुंबकत्व कसे मोजतात?

आमच्या शहराचे नाव मीरा-भाईंदर. आकाशातही एक मीरा आहे. या दोन नावांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पण शाळेतल्या मुलांना हा तारा लक्षात ठेवायला नावाचा योगायोग बरा. लॅटिन भाषेत ‘मीरा’ म्हणजे विस्मयकारक. थंडीच्या सुरुवातीला रात्री दक्षिणेकडे तिमिंगल नावाचा तारकासमूह दिसतो, त्यात हा तारा आहे. १५९६ साली फाब्रिसियस नावाच्या एका धर्मोपदेशकाला तो दिसला आणि काही आठवड्यांनी दिसेनासा झाला. पुढे कळले की हा तारा सुमारे ३३२ दिवसांच्या फेऱ्यात उजळतो आणि मंदावतो. उजळला की साध्या डोळ्यांना दिसतो, मंदावला की दुर्बिणीशिवाय सापडत नाही.

मीरा हा म्हातारा तारा आहे. त्याचे वस्तुमान आपल्या सूर्याच्या जवळपास, पण आयुष्य सरत आल्यामुळे तो फुगला आहे. सूर्याच्या जागी त्याला ठेवला, तर पृथ्वीची कक्षा त्याच्या पोटात जाईल. असे तारे आपले बाहेरचे थर हळूहळू अवकाशात सोडून देतात. मीरामागे अशा सोडलेल्या द्रव्याची १३ प्रकाशवर्षे लांबीची शेपटी पसरली आहे, हे २००७ साली एका कृत्रिम उपग्रहाने टिपले. आपल्या सूर्याचीही सुमारे ५०० कोटी वर्षांनी हीच गत व्हायची आहे. आपल्या अंगातला बराचसा कार्बन अशाच ताऱ्यांनी पूर्वी कधीतरी सोडलेला आहे. म्हणजे हा विषय दूरचा असला, तरी परका नव्हे.

आता खरा प्रश्न ऐका. तारा असतो गोल. त्याने सगळीकडे सारखेच द्रव्य सोडले, तर त्याचे आवरणही गोलच व्हायला हवे. पण असे तारे विझल्यावर मागे जी बिंबाभ्रिका उरते, ती पुष्कळदा गोल नसते. कुठे डमरूसारखी, कुठे फुलपाखराच्या पंखांसारखी, कुठे दोन विरुद्ध दिशांना उडालेल्या कारंज्यांसारखी. हा आकार कोण देतो? काही शास्त्रज्ञ म्हणतात, शेजारी फिरणारा जोडीदार तारा. काही म्हणतात, ताऱ्याचे चुंबकत्व. वाद मिटवायचा, तर ते चुंबकत्व मोजायला हवे.

पृथ्वीचे चुंबकत्व मोजणे आपल्याला नवे नाही. मुंबईला कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून ते मोजले जात होते. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने सुया हलतील, म्हणून हे काम १९०४ साली अलिबागला नेले. तिथल्या इमारतीत लोखंड वापरले नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप करून जुन्या नोंदींचा आणि नव्या नोंदींचा सांधा जुळवला. अलिबागला सुई ठेवता येते. पण जो तारा शेकडो प्रकाशवर्षे दूर आहे, त्याच्यापाशी सुई कोण ठेवणार?

याचे उत्तर असे की, सुया तिथे आधीपासूनच आहेत. ताऱ्याच्या आवरणातले रेणू हीच तिथली सुई. ती कुठे वळली आहे, हे आपल्याला त्यांच्या लहरींच्या ‘ध्रुवणा’वरून कळते. काही पाठ्यपुस्तकांत यालाच ध्रुवीकरण म्हटले आहे.

ध्रुवण म्हणजे काय? एक दोरी खांबाला बांधा आणि दुसरे टोक हातात धरून वरखाली हलवा. लाट खांबाकडे जाते, पण दोरी वरखाली हलते. हात आडवा हलवला, तर दोरी आडवी हलते. प्रकाश आणि रेडिओ याही अशाच आडव्या हेलकाव्याच्या लहरी आहेत. दिव्यातून निघणाऱ्या प्रकाशात सगळ्या दिशांचे हेलकावे मिसळलेले असतात, तो अध्रुवित. एकाच दिशेचे हेलकावे जास्त असतील, तर तो रेषीय ध्रुवित. हात वरखाली न करता गोल फिरवला, तर दोरीवरून मळसूत्रासारखी लाट जाते. ते वर्तुळी ध्रुवण. त्यात उजवे आणि डावे असे दोन प्रकार.

हे डोळ्यांनी पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. भाईंदरला जेसल पार्कच्या चौपाटीवर दुपार कलली की वसईच्या खाडीचे पाणी झगझगू लागते. पाण्यावरून परतलेल्या त्या उजेडात आडवे हेलकावे जास्त असतात. ध्रुवण-काचेचा गॉगल घालून पाहिले, तर झगझगाट एकदम कमी होतो. मान एका खांद्याकडे वाकडी केली की तो पुन्हा वाढतो. गावाकडे स्वच्छ पाण्याची विहीर किंवा तळे असेल, तर अशा काचेतून तळ दिसतो. वर्गात करायचे असेल, तर साध्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यासमोर तीच काच हळूहळू फिरवावी. एका स्थितीत आकडे दिसतात, काटकोनात पडदा काळा पडतो. हा प्रयोग मुले विसरत नाहीत.

रेडिओलहरींच्या बाबतीत हे काम आपल्याच देशात फार लवकर झाले. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात अडीच सेंटिमीटरपासून अवघ्या पाच मिलिमीटरपर्यंतच्या रेडिओलहरी निर्माण केल्या. त्यांचे ध्रुवण तपासण्यासाठी त्यांनी काय वापरावे? रेल्वेच्या वेळापत्रकाचे जाडजूड पुस्तक! त्याच्या पानापानांत त्यांनी धातूचा पातळ वर्ख घातला. पानांच्या रोखाने हेलकावणाऱ्या लहरी धातूत अडत, पानांशी काटकोनात हेलकावणाऱ्या पार जात. इथे शिक्षकांनी एक ध्यानात ठेवावे. दोरी खिडकीच्या उभ्या गजांतून उभी हलते. धातूच्या पत्र्यांत मात्र नेमके उलटे होते, कारण पत्र्याच्या रोखाने विजेचे कण धावतात आणि लहर गिळली किंवा परतवली जाते.

आता रेणूंकडे वळू. म्हाताऱ्या ताऱ्याच्या आवरणात कार्बन मोनॉक्साइड, सिलिकॉन मोनॉक्साइड, पाण्याची वाफ, हायड्रॉक्सिल असे रेणू असतात. प्रत्येक रेणू आपल्या ठरलेल्या वारंवारतेवरच रेडिओलहर सोडतो. आकाशवाणीचे प्रत्येक केंद्र जसे आपल्या जागी लागते, तसेच हे. सिलिकॉन मोनॉक्साइडची केंद्रे ४३ आणि ८६ गिगाहर्ट्झच्या आसपास, पाण्याच्या वाफेचे २२ गिगाहर्ट्झवर, हायड्रॉक्सिलची १६१२, १६६५ आणि १६६७ मेगाहर्ट्झवर. यांना वर्णपटातल्या ‘रेषा’ म्हणतात.

गंमत अशी की, ज्या ताऱ्यांत ऑक्सिजन जास्त आहे, त्यांच्यात हे रेणू थराथराने बसलेले असतात. ताऱ्याला अगदी लागून सिलिकॉन मोनॉक्साइड, त्याबाहेर पाणी, सर्वांत बाहेर हायड्रॉक्सिल. म्हणून वेगवेगळी केंद्रे लावली की कांद्याचे वेगवेगळे पापुद्रे ऐकता येतात. या रेणूंच्या काही रेषा आपोआप फार तीव्र होतात. एका रेणूची लहर दुसऱ्याला चेतवते, दुसऱ्याची तिसऱ्याला. याला मेसर म्हणतात. लेसरचा तो रेडिओतला थोरला भाऊ. मीराभोवतीही असे मेसर आहेत.

चुंबकत्व या रेषांवर दोन प्रकारे आपली खूण उमटवते. पहिली खूण १८९६ साली हॉलंडमध्ये झेमान यांनी प्रयोगशाळेत पाहिली. चुंबकाच्या क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थाची रेषा फाकते. चुंबकाच्या रोखाने पाहिले, तर एक फाळका उजव्या वर्तुळी ध्रुवणाचा आणि दुसरा डाव्या. दोन फाळक्यांमधले अंतर चुंबकाच्या बळाच्या प्रमाणात असते. हायड्रॉक्सिलच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असल्यामुळे तो चुंबकाला चटकन दाद देतो. क्षेत्र एक मिलिगॉस असले, म्हणजे आपल्या पायाखालच्या पृथ्वीच्या क्षेत्राचा सुमारे चारशेवा भाग, तरी त्याची १६६५ मेगाहर्ट्झची रेषा सुमारे ३.३ किलोहर्ट्झने फाकते. ही पाच लाखांत एक भाग एवढी फाक झाली, आणि ती आजच्या यंत्रांना सहज दिसते. पाणी आणि सिलिकॉन मोनॉक्साइड यांच्यात असा एकटा इलेक्ट्रॉन नाही. तिथे परिणाम सुमारे हजारपट कमी. रेषा फाकलेली दिसतच नाही. फक्त उजवी रेषा डावीपेक्षा केसभर सरकलेली असते.

दुसरी खूण रेषीय ध्रुवणाची. ताऱ्याकडून येणारा उजेड आवरणातल्या रेणूवर एकाच बाजूने पडतो. त्यामुळे रेणूंची चेतना सर्व दिशांना सारखी राहत नाही, आणि क्षीणसे चुंबकत्वदेखील त्यांना एका दिशेची शिस्त लावते. मग मेसर नसलेल्या साध्या रेषांतही एक-दोन टक्के रेषीय ध्रुवण येऊ शकते, असे गोल्डराइख आणि कायलाफिस यांनी १९८१ साली गणिताने दाखवले. या खुणेवरून चुंबकाचे बळ कळत नाही, दिशा कळते. तीसुद्धा एका अडचणीसह: ध्रुवणाची दिशा चुंबकरेषेला समांतर आहे की काटकोनात, हे ठरवायला आणखी माहिती लागते.

तत्त्व सोपे आहे. मोजणे अवघड आहे. का ते सांगतो.

बाजारातला जुना तराजू आठवा. दोन्ही पारडी रिकामी असताना दांडी सरळ राहत नसेल, तर त्यात पासंग आहे असे आपण म्हणतो. समजा, भाजी डाव्या पारड्यात ठेवली तर वजन १०१० ग्रॅम भरले, आणि तीच भाजी उजव्या पारड्यात ठेवली तर ९९० ग्रॅम. खरे वजन १००० ग्रॅम, पासंग १० ग्रॅमचा. भाजीने पारडे बदलले. पासंग तराजूपाशीच राहिला. या एका गोष्टीत ध्रुवण मोजण्याची सगळी विद्या सामावली आहे.

रेडिओ दुर्बिणीच्या तबकडीच्या नाभीशी दोन ग्राहक असतात. एक उजवे ध्रुवण घेतो आणि दुसरा डावे. किंवा एक उभे आणि दुसरा आडवे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी प्रत्येक तबकडी असे दोन संकेत वेगवेगळे आणते. पण यंत्र माणसाने केलेले. उजव्यातला थोडा संकेत डाव्यात झिरपतो, डाव्यातला उजव्यात. चांगल्या यंत्रांतही ही गळती शेकड्यात दोन-चार असू शकते, कधी त्याहून जास्त. आणि पाण्याच्या रेषेतले वर्तुळी ध्रुवण किती असते? पुष्कळदा हजारात दोन-चार! म्हणजे भाजी एक ग्रॅम आणि तराजूचा पासंग दहा ग्रॅम. अशा तराजूवर वजन करून ते छातीठोकपणे सांगायचे आहे.

मग पारडे कसे बदलायचे? निसर्गच ते बदलतो. खोडदच्या तबकड्या वर-खाली आणि आजूबाजूला फिरणाऱ्या आहेत. तारा पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळेपर्यंत तबकडी त्याच्यामागे जाते, पण या प्रवासात आकाशाचा तो तुकडा तबकडीच्या दृष्टीने हळूहळू गरगर फिरतो. उगवताना ‘कललेला’ मृग नक्षत्राचा चौकोन मावळताना उलट्या बाजूला कललेला दिसतो, हे गावाकडच्या मंडळींना सांगायला नको. त्यामुळे ताऱ्याचे रेषीय ध्रुवण रात्रभर फिरत राहते. तबकडीची गळती मात्र तबकडीपाशीच स्थिर. जे फिरले ते आकाशाचे, जे फिरले नाही ते यंत्राचे. शिवाय ज्याच्या ध्रुवणाची दिशा आधीच पक्की माहीत आहे, असा एखादा क्वेसार अधूनमधून पाहून ताळा करतात. ‘३सी २८६’ नावाचा क्वेसार जगभर या कामी येतो. तो प्रमाणित वजनाच्या मापासारखा.

वर्तुळी ध्रुवणासाठी आणखी एक खूण आहे. उजव्या ग्राहकाची ताकद डाव्यापेक्षा थोडी जास्त असेल, तर दोहोंची वजाबाकी केल्यावर मूळ रेषेचीच लहानशी प्रतिकृती उरते. पण चुंबकाने रेषा सरकवली असेल, तर वजाबाकीत रेषेच्या एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे येते. आकृती आडव्या पडलेल्या नागमोडीसारखी दिसते. पासंग आणि माल असे चेहऱ्यावरून ओळखता येतात.

दृश्य प्रकाशासाठीही हाच मार्ग. जुन्नरच्या डोंगरांच्या बाजूला गिरवली येथे पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली सुरू झाली. तिथल्या ध्रुवणमापकात एक लोलक प्रकाशाचे दोन भाग करतो आणि त्याच्यापुढचे स्फटिकाचे पान ठराविक कोनांनी फिरवून दोन्ही भागांची अदलाबदल केली जाते. पुन्हा तेच: पारडे बदला.

आता या मोजमापातून हाती काय आले ते पाहू. खोडदची दुर्बीण सुमारे १४५० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते. हायड्रॉक्सिलच्या रेषा त्याच्या थोड्या वर पडतात आणि बाकीच्या तर फारच वर. म्हणून हे काम बाहेरच्या दुर्बिणींनी झाले आहे. १९९७ साली अमेरिकेत दूरदूर पसरलेल्या दहा तबकड्या जोडून एका म्हाताऱ्या ताऱ्याभोवतालचे सिलिकॉन मोनॉक्साइडचे मेसर टिपले. ते ताऱ्याभोवती कड्यासारखे दिसले आणि त्यांचे ध्रुवण बहुतांशी कड्याच्या अंगाने होते. २००६ साली एका ताऱ्यातून निघालेल्या पाण्याच्या झोताभोवती चुंबकरेषा दोरीसारख्या गुंडाळलेल्या आढळल्या. म्हणजे निदान त्या एका ताऱ्यात तरी चुंबकत्व झोताला बांधून धरत होते.

२०१२ साली हवाई बेटांवरच्या आठ तबकड्यांच्या दुर्बिणीने सिंह राशीतल्या एका ताऱ्याकडे पाहिले. हा तारा कार्बनने भरलेला आणि धुळीत इतका बुडालेला आहे की डोळ्यांना दिसत नाही, पण अवरक्त प्रकाशात आकाशातल्या सर्वांत तेजस्वी वस्तूंपैकी एक आहे. त्याच्या आवरणातल्या कार्बन मोनॉक्साइड, सिलिकॉन सल्फाइड आणि कार्बन सल्फाइड या तीन रेणूंच्या साध्या रेषांचे रेषीय ध्रुवण तिथे नकाशावर आले. ते ताऱ्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या सुमारे ४५० पट दूर होते. एका रेणूने सांगितले की चुंबकरेषा ताऱ्यापासून सरळ बाहेर जातात. उरलेल्या दोघांनी सांगितले की रचना गुंतागुंतीची आहे. साक्षीदार तीन आणि साक्षी दोन. पण प्रत्येक रेणू वेगळ्या परिस्थितीत चमकतो, म्हणून यात विरोध असेलच असे नाही. आवरणाचे निरनिराळे भाग निरनिराळे बोलत असतील.

बळाचे आकडे थोडक्यात असे. ताऱ्याजवळच्या सिलिकॉन मोनॉक्साइडमध्ये काही गॉस, पाण्याच्या थरात त्याहून कमी, बाहेरच्या हायड्रॉक्सिलमध्ये काही मिलिगॉस. बाहेर जावे तसे क्षेत्र क्षीण होते, हे समजण्यासारखे आहे. पण इथेही सावध राहावे लागते. फार तीव्र मेसर स्वतःच्याच भरात रेषीय ध्रुवणाचे थोडे वर्तुळी ध्रुवण करू शकतो, आणि मग चुंबकत्व आहे त्यापेक्षा जास्त वाटते. सिलिकॉन मोनॉक्साइडच्या आकड्यांवर म्हणूनच शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. दुसऱ्या पक्षाचीही बाजू बळकट झाली आहे. २०२० साली चिलीतल्या आल्मा दुर्बिणीने अनेक म्हाताऱ्या ताऱ्यांचे वारे पाहिले, तेव्हा त्यांना जोडीदार वळण देत असावेत असे दिसले. कदाचित जोडीदारच ताऱ्याला घुसळून त्याचे चुंबकत्व जागे ठेवत असेल. वाद अजून मिटलेला नाही, आणि तो मिटवणार आहे हजारातला तो एक भाग.

इतकी बारीक तफावत मोजायची, तर भोवताली शांतता हवी. कानाला नव्हे, रेडिओला. ट्रामगाड्यांपायी कुलाब्याची सुई अलिबागला गेली. आज मोबाइलचे मनोरे, विजेच्या ठिणग्या आणि यंत्रे यांच्यामुळे तोच प्रश्न खोडदला उभा आहे. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीतही तो आला. नारायणगाव-मंचरच्या शेतकऱ्याला टोमॅटो आणि कांदा पोचवायला गाडी हवी, हे रास्तच आहे. दुर्बिणीला शांतता हवी, हेही रास्त आहे. दोन्ही बाजू मांडताना एवढे लक्षात असावे की, एकदा तिथली शांतता मोडली तर ती पुन्हा विकत मिळत नाही, आणि तीस तबकड्या उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाहीत.

खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास शाळांचे विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे आणि त्या वेळी दुर्बीणही पाहता येते. शिक्षकांनी मुलांना जरूर न्यावे. जाण्याआधी वर्गात एक जुना तराजू आणावा, त्याच्या एका पारड्याखाली चिंचोका चिकटवावा आणि मुलांना सांगावे: चिंचोका न काढता खरे वजन शोधा. ज्या मुलाला हे जमेल, त्याला खोडदच्या तबकडीत रात्रभर काय चालते, हे सांगायला फार वेळ लागणार नाही.